ओले एव्हिनरूड: बोटीचा गिअर पाण्यात नेऊन ठेवणारा माणूस

बोट मध्येच थांबली की आपण सगळे आधी इंजिनाकडे बघतो. प्लग गेला का, पेट्रोल संपलं का, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला का? पण कधी कधी इंजिन झकास चालू असतं, आवाजही नेहमीसारखाच असतो आणि बोट मात्र जागची हलत नाही. इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी दोष बहुतेक करून मधल्या गिअरपेटीत असतो. त्या पेटीत तेल असतं जेमतेम अर्धा लिटर, एक लिटर, फार तर दोन-अडीच लिटर. ते तेल थंड राहिलं तर गिअर वर्षानुवर्षं टिकतो. तापत राहिलं तर लाखांचं काम निघतं, आणि हे सगळं किनाऱ्यापासून दूर, भर पाण्यात झालं तर पैशांचा हिशेब नंतर, आधी जिवाचा घोर.

आज हा विषय मी एका माणसाच्या गोष्टीतून सांगणार आहे. त्याचं नाव ओले एव्हिनरूड. पाण्याशी आयुष्यभर नातं असलेल्या माणसाचं नाव ओले असावं, ही आपल्या मराठीचीच गंमत. नॉर्वेत ते अगदी साधं, घरोघरचं नाव आहे. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची मोटार, म्हणजे आउटबोर्ड मोटार, जगभर पोचवण्याचं मोठं श्रेय त्याला जातं. आणि गिअर ऑइल थंड कसं ठेवायचं, या प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तरही त्याच्या यंत्रात दडलेलं आहे.

शेतकऱ्याचं पोर, डोक्यात बोट

ओलेचा जन्म 19 एप्रिल 1877 चा, नॉर्वेतला. तो 5 वर्षांचा असताना, 1882 मध्ये, घरच्यांनी देश सोडला आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शेती घेतली. गावाचं नाव केंब्रिज, आणि जवळच लेक रिप्ली नावाचं तळं.

शेतकऱ्याच्या घरात मुलाने शेतीच करावी, अशी वडिलांची अपेक्षा असणारच. पोराचं लक्ष मात्र अवजारांच्या जोडकामात आणि तळ्यावरच्या बोटींत. त्याने लहानपणी लपूनछपून शिडाची बोट बांधली आणि वडिलांना ते मुळीच रुचलं नाही, असं त्याच्याविषयी नेहमी सांगितलं जातं.

16 व्या वर्षी ओलेने घर सोडलं आणि मॅडिसन शहर गाठलं. तिथे शेती अवजारांच्या कारखान्यात तो शिकाऊ म्हणून लागला. पुढे पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत, मग शिकागोतल्या मशीन शॉपमध्ये, असं करत करत तो मिलवॉकीला आला. तिथे त्याने पॅटर्नमेकरचं काम केलं. ओतकामासाठी जो साचा लागतो, त्याचा हुबेहूब लाकडी नमुना बनवणारा कारागीर म्हणजे पॅटर्नमेकर. या कामात डोळा आणि हात दोन्ही पक्के लागतात, कारण नमुन्यात केसभर चूक झाली तर ओतलेला प्रत्येक तुकडा चुकीचा निघतो.

कॉलेजचं तोंड ओलेने पाहिलं नाही. पोलाद कसं वागतं, ओतीव लोखंड कुठे तडकतं, बेअरिंग का तापतं, हे तो कामावरच शिकला. पुढच्या गोष्टीसाठी एवढं लक्षात ठेवा.

आइस्क्रीम वितळलं

1900 च्या सुमारास ओलेने भागीदारीत मिलवॉकीत इंजिनं बनवायचा छोटा धंदा काढला. घोडागाडी जाऊन मोटारगाडी येण्याचे ते दिवस. शेजारीच बेस कॅरी नावाची मुलगी राहायची. ती व्यापारी शिक्षण घेत होती आणि ओलेच्या पत्रव्यवहारात, हिशेबात मदत करायची. 1906 मध्ये दोघांचं लग्न झालं.

आउटबोर्ड मोटारीची जन्मकथा अमेरिकेत पोराटोरांनाही माहीत असते. उन्हाळ्याचा दिवस, मित्रमंडळींची तळ्याकाठी सहल. बेसला आइस्क्रीम खावंसं वाटलं. दुकान पलीकडच्या काठावर. ओले वल्ही मारत गेला, आइस्क्रीम घेतलं आणि वल्ही मारत परत आला. तोवर उन्हाने व्हायचं ते झालं होतं. आइस्क्रीमचं पाणी.

गोष्ट सांगता सांगता तिला थोडा मीठमसाला लागला असेल, पण तिच्यातला प्रश्न खरा आहे. वल्ही मारणं म्हणजे कष्ट. तेव्हा मोटारबोटी होत्या, पण त्यांचं इंजिन बोटीत कायमचं बसवलेलं, जड आणि महाग. साध्या होडीला पाहिजे तेव्हा लावता येईल आणि काम झालं की काढून घरी नेता येईल, असं इंजिन का नसावं?

हा विचार करणारा ओले पहिला नव्हता. अमेरिकेत 1896 मध्येच अशी मोटार बनली होती आणि कॅमेरॉन वॉटरमन याची मोटारही ओलेच्या आधी बाजारात आली होती. ओलेने जे केलं ते वेगळं. रोजच्या वापरात टिकेल, दुरुस्त करता येईल आणि साध्या माणसाला परवडेल, अशी मोटार त्याने बनवली. 1909 मध्ये ती विक्रीला आली. एक सिलिंडर, दीड अश्वशक्ती, वजन 62 पौंड म्हणजे साधारण 28 किलो, आणि किंमत 62 डॉलर. नमुना म्हणून एका मित्राला दिलेली मोटार परत आली ती दहा मोटारींची मागणी घेऊन, असं सांगतात.

कॉफी दळायच्या यंत्रातली खुबी

ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बेसला ते कॉफी दळायच्या यंत्रासारखं वाटलं होतं म्हणे. दिसायला होतंच तसं. वर आडवं सिलिंडर आणि सपाट फ्लायव्हील, त्यातून खाली पाण्यात उतरणारा उभा शाफ्ट, आणि तळाशी छोटा पंखा.

आता नीट बघा. शाफ्ट उभा आहे, पण बोट पुढे जायची तर पंखा आडव्या आसावर फिरायला हवा. उभ्या फिरण्याचं आडव्या फिरण्यात रूपांतर करायला बेव्हल गिअर लागतात, म्हणजे काटकोनात एकमेकांत अडकणारी दोन दातेरी चाकं. ओलेने ती तळाशी, पंख्याच्या लगेच पुढे, एका छोट्या बंद डबीत बसवली. बोट चालू असताना ती डबी पूर्ण पाण्याखाली.

गिअर थंड राहावा म्हणून त्याने तो पाण्यात ठेवला, असं मी म्हणणार नाही. पंखा पाण्यात, म्हणून त्याला जोडलेला गिअर पाण्यात. पण या एका रचनेने कूलिंगचा सगळा प्रश्न मिटून गेला. तो कसा, हे समजायला थोडं गणित करू.

गिअरचे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासतही जातात. त्या घासण्यात थोडी ताकद वाया जाते आणि तिची उष्णता होते. चांगल्या बेव्हल गिअरच्या जोडीत शंभरातले दोनेक भाग असे जातात, असं हिशेबासाठी धरू. दीड अश्वशक्ती म्हणजे सुमारे 1,100 वॅट. त्याचे दोन टक्के म्हणजे 22 वॅट, आपल्या घरातल्या दोन एलईडी बल्बांइतके. त्या काळची चाकं आजच्याइतकी अचूक कापलेली नसत, म्हणून तिप्पट धरा. तरीही जुन्या पिवळ्या बल्बएवढीच उष्णता झाली. आणि ही डबी तळ्याच्या गार पाण्यात बुडालेली.

पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट चांगलं उष्णता वाहून नेतं. आणि एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत साडेतीन हजार लिटरच्या आसपास हवा एका अंशाने तापते. गरम तवा हवेत ठेवला तर किती वेळ गरम राहतो, आणि नळाखाली धरला तर काय होतं, हे स्वयंपाकघरात रोज दिसतं. ओलेच्या गिअरची डबी म्हणजे कायम नळाखाली धरलेला तवा. वेगळा पंप नको, पाइप नको, रेडिएटर नको.

बेस

मोटार ओलेची, पण धंदा बेसचा, असं म्हटलं तर चूक होणार नाही. जाहिराती ती लिहायची. वल्ही फेकून द्या, असं सरळ सांगणारी तिची जाहिरात गाजली आणि मागणी वाढत गेली. परदेशातूनही पत्रं येऊ लागली. न्यूयॉर्कमधल्या एका डॅनिश निर्यातदाराने या मोटारी स्कँडिनेव्हियातल्या कोळ्यांपर्यंत पोचवल्या. सहलीतल्या आइस्क्रीमसाठी सुचलेलं यंत्र अशा रीतीने मासेमारांच्या पोटापाण्याचं साधन झालं. तिथे मोटार बंद पडणं म्हणजे दिवसाची कमाई बुडणं.

1911 मध्ये ओलेला पेटंट मिळालं. कारखाना वाढला. घरात लहान मुलगा, राल्फ, आणि बेस दिवसभर कार्यालयात. या दगदगीत तिची तब्येत ढासळली. ओलेने मग असा निर्णय घेतला की आजही वाचताना मी थबकतो. 1914 च्या आसपास त्याने आपला ऐन भरातला धंदा भागीदाराला, ख्रिस मेयरला, विकून टाकला. पाच वर्षं या धंद्यात उतरणार नाही, अशी अट मान्य केली. बायको आणि मुलाला घेऊन तो प्रवासाला निघाला. आपलं स्वतःचं नाव कोरलेल्या मोटारी आता दुसरा कोणी विकत होता.

दुसरी सुरुवात

हात मात्र रिकामे बसले नाहीत. त्या वर्षांत ओलेच्या डोक्यात नव्या मोटारीचा आराखडा तयार होत होता. पहिल्या मोटारीत त्याला दोन गोष्टी खटकत होत्या, वजन आणि थरथर. एका सिलिंडरची मोटार हातात धरली की दात वाजतील अशी हलायची. त्याने समोरासमोर दोन सिलिंडरं बसवली आणि जड धातूच्या जागी जमेल तिथे अ‍ॅल्युमिनियम वापरलं. ताकद 3 अश्वशक्ती, म्हणजे दुप्पट, आणि वजन मात्र 48 पौंड, 22 किलोच्या आत.

अट संपल्यावर तो हे डिझाइन घेऊन आधी मेयरकडेच गेला. मेयरला रस नव्हता. मग 1921 मध्ये ओले आणि बेसने नवी कंपनी काढली. एव्हिनरूड हे नाव विकून झालेलं, म्हणून नव्या मोटारीचं नाव ठेवलं एल्टो. एव्हिनरूडची हलकी, दोन सिलिंडरची आउटबोर्ड, या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून बेसने ते जुळवलं होतं. विकलेलं नाव असं आडवाटेने परत आलं.

एल्टोतल्या अ‍ॅल्युमिनियमकडे मी आजच्या विषयाच्या नजरेने बघतो. हा धातू हलका आहेच, पण ओतीव लोखंडापेक्षा तो उष्णता कितीतरी लवकर बाहेर सोडतो. आजच्या जवळजवळ सगळ्या आउटबोर्डच्या गिअरपेट्या अ‍ॅल्युमिनियमच्याच मिश्रधातूच्या असतात.

ताकद मात्र चढतच गेली. 1928 मध्ये एल्टोची चार सिलिंडरची क्वाड आली, 18 अश्वशक्तीची. आपल्या दोन टक्क्यांच्या हिशेबाने गिअरमधली उष्णता आता 270 वॅटच्या घरात गेली. डबी तीच, पाण्यात बुडालेली, आणि बोटीचा वेग वाढला की तिच्यावरून पाणीही जास्त वेगाने वाहतं. म्हणजे ताकद वाढली की थंडावाही आपोआप वाढतो. म्हणूनच या रचनेत गिअर तापल्याची तक्रार फारशी येत नाही.

1929 मध्ये एल्टो, जुनी एव्हिनरूड आणि लॉकवुड या कंपन्या एकत्र झाल्या. नव्या कंपनीचा अध्यक्ष ओले. पंधरा वर्षांनी तो पुन्हा आपल्या नावाच्या मोटारीचा धनी झाला. पण त्याच वर्षी अमेरिकेत महामंदी आली आणि हौसेच्या वस्तूंची विक्री कोसळली. 1933 मध्ये बेस गेली. 12 जुलै 1934 रोजी ओलेही गेला, वयाच्या 57 व्या वर्षी. धंदा राल्फने सांभाळला.

गिअर पाण्याबाहेर आला

ओले गेल्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1959 मध्ये, बोटींच्या दुनियेत नवं वळण आलं. मोठं इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा पाय बोटीच्या मागे बाहेर, अशी जोडणी व्होल्वो पेंटा कंपनीने बाजारात आणली. कल्पना जिम विन या अमेरिकन इंजिनिअरची. याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. मोटारगाडीसारखं दणकट इंजिन आणि आउटबोर्डसारखा वळणारा, वर उचलता येणारा पाय, असे दोन्ही फायदे एकत्र.

पण यात एक गोम आहे. इंजिन बोटीच्या आत आडवं, म्हणून त्याचा शाफ्ट आडवा बाहेर येतो. तिथे पहिली बेव्हल गिअरची जोडी त्याला खाली वळवते. उभा शाफ्ट खाली उतरतो आणि तळाशी दुसरी जोडी त्याला पुन्हा आडवा करून पंख्याला देते. इंग्रजी झेड अक्षरासारखा रस्ता, आणि काटकोनात एकाऐवजी दोन वळणं.

खालची जोडी ओलेच्या डबीसारखी पाण्यातच. वरची मात्र वर. बोट वेगात निघाली की ती पाण्यावर उचलली जाते आणि वरची पेटी जवळजवळ पूर्ण उघड्यावर येते. म्हणजे ज्या वेळी उष्णता सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच वेळी पाण्याची साथ सुटते. ओलेकडे जे आपोआप होत होतं, ते इथे कोणीतरी मुद्दाम करावं लागतं.

आता हिशेब करू. 300 अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे सुमारे 224 किलोवॅट. त्याचे दोन टक्के म्हणजे साडेचार किलोवॅट. घरातला साठवणीचा गिझर साधारण 2 किलोवॅटचा असतो. म्हणजे पूर्ण ताकदीवर त्या वरच्या पेटीत दोन गिझर सतत चालू आहेत. ही सगळी उष्णता दोन लिटर तेलालाच मिळाली, तर मिनिटभरात ते उकळत्या पाण्याइतकं तापेल. प्रत्यक्षात पेटीचा धातू आणि खालचं पाणी यांचा वाटा असतो, म्हणून वेळ लागतो. पण तासभर भरधाव हाणली तर ती वेळ येतेच.

तेल तापलं की होतं काय?

पहिली गोष्ट, तेल पातळ होतं. 40 अंश सेल्सिअसला गिअर ऑइल मधासारखं असतं. 100 अंशांना त्याचा घट्टपणा दहाव्या हिश्श्यावर येतो. दातांच्या मध्ये तेलाचा जो बारीक थर असतो, तोच लोखंडाला लोखंडापासून दूर ठेवतो. थर पातळ झाला की दात दाताला भिडतो, घर्षण वाढतं, त्याने उष्णता वाढते, आणि उष्णतेने तेल आणखी पातळ. हे चक्र एकदा सुरू झालं की स्वतःहून थांबत नाही.

दुसरी गोष्ट, तेल म्हातारं होतं. गरम तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. ढोबळ नियम असा की तापमान दर 10 अंशांनी वाढलं की हा वेग दुप्पट होतो आणि तेलाचं आयुष्य अर्धं. भजी तळून तळून काळं, चिकट झालेलं तेल आपण पाहतो, तोच प्रकार.

तिसरी गोष्ट रबराची. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे ऑइल सील असतं, तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी. जास्त उष्णतेने रबर कडक होतं आणि त्याची धार शाफ्टला नीट बिलगत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात फसवी. बोट थांबल्यावर तापलेली पेटी गार होते, आतली हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. सील कडक झालेलं असेल तर त्याच ओढीने बाहेरचं पाणी आत शिरतं. तेलात पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं, बेअरिंग गंजतात, दातांवर बारीक खड्डे पडतात. मालवणला एका होडीवाल्याने आपल्या आउटबोर्डच्या गिअरमधून निघालेलं तेल मला दाखवलं होतं. अगदी दूध घातलेली कॉफी. त्याच्या मशीनमध्ये दोष उष्णतेचा नव्हता. जाळ्याचा धागा पंख्याच्या शाफ्टला गुंडाळून सीलपर्यंत गेला होता आणि त्याने सील कापलं होतं. पण पेटीची अवस्था शेवटी तीच.

तर पाणी हा गिअरचा मित्रही आणि वैरीही. बाहेरून लागलं तर तारतं, आत शिरलं तर मारतं.

मग थंड ठेवायचं कसं?

स्टर्नड्राइव्हवर केला जाणारा उपाय ऐकला तर तुम्हाला हसू येईल इतका साधा आहे. वरच्या पेटीवर पाण्याचा फवारा. याला ड्राइव्ह शॉवर म्हणतात. बोट पळत असताना खालून पाणी एका तोंडातून नळीत शिरतं, दाबाने वर चढतं आणि भोकं पाडलेल्या नळीतून पेटीवर पडत राहतं. पंप नाही, वीज नाही, बोटीचा वेगच पाणी चढवतो. मला यात ओलेची डबी दिसते. गिअर पाण्यात नेता येत नाही, म्हणून पाणी गिअरपर्यंत आणलं.

शर्यतीच्या किंवा फार ताकदीच्या बोटींत यापुढे जातात. पंपाने तेलच बाहेर काढायचं, छोट्या कूलरमधून फिरवायचं आणि गार करून परत पेटीत सोडायचं. खर्च जास्त, नळ्या जास्त, म्हणजे गळायच्या जागाही जास्त. साध्या बोटीला त्याची गरज पडत नाही.

फवारा लावला म्हणजे सगळं भागलं, असंही नाही. तेलाची पातळी कमी असेल किंवा सील गेलेलं असेल, तर वरून कितीही पाणी ओतलं तरी उपयोग शून्य. आणि फवाऱ्याच्या नळीत शेवाळ, वाळू अडकली तर तो नुसता शोभेला. बोट पळत असताना मागे वळून फवारा पडतोय का, हे एकदा बघायचं.

आपल्या होडीला काय लागू?

कोकणात छोट्या होड्यांना मागे आउटबोर्ड लावलेली असते. मच्छीमार असो की पर्यटकांना फिरवणारा, घर त्याच मशीनवर चालतं. तिथे गिअर पाण्यात असतो, म्हणून फवाऱ्याची गरज नाही. पण पुढच्या गोष्टी सगळ्यांनाच लागू आहेत:

- गिअर ऑइल साधारण 100 तासांनी किंवा वर्षातून एकदा बदला. नवीन मशीनला पहिला बदल लवकर लागतो. नेमका आकडा तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत बघा.
- बोटींसाठीचं गिअर ऑइलच वापरा. थोडं पाणी शिरलं तरी तग धरतील अशी द्रव्यं त्यात असतात. दुसऱ्या गाडीचं उरलेलं तेल घालू नका.
- तेल खालच्या भोकातून भरा आणि वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरा. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि पातळी कमी राहते.
- निघालेलं तेल उजेडात धरा. दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. काळं आणि जळका वास म्हणजे तापलंय. स्क्रूच्या चुंबकावर बारीक राखाडी भुकटी चालते, पण चमकते तुकडे दिसले तर मशीन उघडायला द्या.
- स्क्रूचे वायसर दर वेळी नवे टाका. दहा-वीस रुपयांची वस्तू हजारोंचा गिअर वाचवते.
- अधूनमधून पंखा काढून शाफ्टला धागा, दोरी, जाळं गुंडाळलंय का ते पाहा.
- बोट क्षमतेपेक्षा जास्त भरून सतत पूर्ण ताकदीवर हाकू नका. लांब पल्ल्याला थोडा वेग कमी ठेवला की गिअरला दम मिळतो.

एव्हिनरूड नावाच्या मोटारी शंभराहून जास्त वर्षं बनत राहिल्या. कंपनीचे मालक अनेकदा बदलले आणि शेवटी 2020 मध्ये या नावाच्या आउटबोर्डचं उत्पादन बंद झालं. रचना मात्र कायम आहे. आज कुठल्याही कंपनीची पेट्रोलवरची आउटबोर्ड उघडली, जपानी असो की अमेरिकन, तर वर उभ्या शाफ्टचं इंजिन आणि तळाशी पाण्यात बुडालेली बेव्हल गिअरची डबी दिसेल, ओलेने 1909 मध्ये विकायला काढली होती तशीच.

पुढच्या वेळी होडीत बसाल तेव्हा मागे वाकून बघा. पंख्याच्या पुढे जो निमुळता फुगवटा पाण्यात दिसतो, त्यात अर्धा-एक लिटर तेल तुम्हाला किनाऱ्यावर परत आणायचं काम करत असतं. ते शेवटचं कधी बदललं, हे होडीवाल्याला सहज विचारून बघा. लगेच आणि नेमकं उत्तर आलं, तर निर्धास्त बसा.